मुंगीच्या उंचीचं बेसिन

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाईंनी मुंगीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, हात धुताना धरतात तसे दोन्ही हात पुढे धरायला सांगितलं, आणि हातांच्या खाली पेन्सिलीने भिंतीवर एक आडवी रेघ मारली.

"इथे," बाई म्हणाल्या. "बेसिन इथे हवं."

रेघ इतकी खाली होती की ती बघायला बाईंच्या मुलीला कमरेत वाकावं लागलं. मुंगी मात्र आपल्याच रेघेकडे समाधानाने बघत होती. ती बालवर्गातली सगळ्यात लहान मुलगी. हजेरीत तिला चांगलं लांबलचक नाव होतं, पण आकाराने एवढीशी आणि हातातलं काम पुरं केल्याशिवाय जागची न हलणारी, म्हणून सगळे मुंगीच म्हणत. तिचं एक बटण लावून होईपर्यंत बाकीची मुलं डबा खाऊन, भांडून, समेट करून मोकळी झालेली असत.

"स्टुलावर उभी राहतात की मुलं," बाईंची मुलगी म्हणाली. "इतकी वर्षं तसंच चाललंय ना?"

"स्टूल कोण लावतं?"

"तू."

"मग हात कुणी धुतले?"

 चहाला आलेल्या मुलीने कप तोंडाला लावला. बाईंची मुलगी चाळिशी ओलांडलेली होती, एका संशोधन संस्थेत लहान मुलांच्या एकाग्रतेवर काम करत होती आणि नावाआधी 'डॉक्टर' लावायचा तिला रीतसर अधिकार होता. पण ज्या इमारतीत ती लहानाची मोठी झाली, तिथे ती फक्त 'बाईंची मुलगी' होती. अपवाद एकच, समोरच्या दारातले ओळंबाकाका. ते तिला आवर्जून डॉक्टर म्हणत, आणि म्हणून झालं की पायजमा वर करून गुडघा दाखवत.

बाईंचा बालवर्ग पहिल्या मजल्यावर, घराच्याच पुढच्या खोलीत भरे. बुटक्या खुर्च्या, बुटकी टेबलं, बुटकी कपाटं. कपाटात खऱ्या वस्तू: काचेचे पेले, धार असलेली छोटी सुरी, पाणी ओतायचा निळा जग. मूल स्वतः शिकतं, आपण फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, हे बाईंचं सगळं शिक्षणशास्त्र. ते त्यांनी तरुणपणी कुठल्याशा जाड पुस्तकांतून उचललं आणि पुढे पुस्तकं परत करून टाकली. त्यातलं निम्मं आजच्या विज्ञानाला मान्य आहे आणि निम्मं अंदाजपंचे आहे, असं मुलीचं मत होतं. हे मत ती दर काही दिवसांनी, चहाच्या वेळी, अत्यंत नम्रपणे मांडत असे.

"तुमचं ते छापून आलेलं, त्यात काय निघालं?" त्या दिवशी बाईंनी विचारलं.

"मूल काही करत असताना मोठ्या माणसाने मध्येच हात घातला, तर पुढच्या वेळी ते मूल लवकर सोडून देतं."

"किती माणसं बसली होती यावर?"

"बरीच."

"बरं झालं. बसलेली माणसं मुलांच्या मध्ये येत नाहीत."

मुलीने हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आपली नेहमीची बाजू लावली. बाईंच्या वर्गात खोटंखोटं खेळायला मनाई होती. बाहुल्या नाहीत, भातुकली नाही. रिकाम्या कपातला चहा कशाला प्यायचा, खरा ओता की, असं त्यांचं म्हणणं. "पण आई, खोटंखोटं खेळताना मुलं दुसऱ्याच्या मनात काय चाललंय त्याचा अंदाज घ्यायला शिकतात, असं काही अभ्यास म्हणतात."

"काही. आणि बाकीचे?"

"बाकीचे म्हणतात, अजून नक्की सांगता येत नाही."

"मग नक्की झालं की सांग. तोवर खरं पाणी." बाईंनी पेन्सिल केसांत खोचली. "आणि प्लंबरचं बघ. या सत्रात झालं पाहिजे. मुंगीला एकदा तरी आपलीआपण हात धुऊ दे."

"बघू," मुलगी म्हणाली.

तिचा चहा अर्धा उरला होता. बाई समोर उभ्या होत्या, पण त्यांनी कपाला हात लावला नाही. हा त्या खोलीचा सगळ्यात जुना नियम होता. कुणाच्याही हातातली वस्तू घ्यायची नाही आणि 'झालं का?' असंही विचारायचं नाही. जे हवं असेल त्याच्याजवळ जाऊन नुसतं उभं राहायचं. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याने आपणहून 'माझं झालं' म्हटलं की मगच ती घ्यायची.

"माझं झालं," मुलगी सवयीने म्हणाली.

बाईंनी अर्ध्या कपात बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होत्या. मग कप घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं जिना चढून आली तेव्हा दार बंद होतं. मुलांच्या आधी ते दार उघडलेलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. मुंगीने म्हणे बाहेरच बूट काढले, एकाशेजारी एक लावले आणि दारासमोर उभी राहिली. वस्तू हवी असली की उभं राहतात, तशी. आतून बाबांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, दार उघडलं तेव्हा त्यांना काय सांगावं ते सुचेना. ते म्हणाले, "आज बाई उठल्या नाहीत."

*

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि त्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. घरात मोठं माणूस मावेल अशा खुर्च्या दोनच. त्यातल्या एकीवर बाबा बसत आणि उठत नसत. बाकी सगळं सांत्वन बुटक्या खुर्च्यांवर झालं. भारदस्त माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली आणि त्या अवस्थेत माणसाला जीवनाच्या क्षणभंगुरतेवर फार वेळ बोलता येत नाही, हे बाईंच्या मुलीच्या लक्षात आलं. तिला त्याबद्दल बरं वाटलं आणि लगेच बरं वाटल्याबद्दल वाईट वाटलं.

ओळंबाकाका निवृत्त अभियंता. कुठलीही भिंत दिसली की ती किती तिरकी आहे ते सांगत, त्यावरून हे नाव पडलेलं. ते बाईंबद्दल बरंच चांगलं बोलले, हुंदका देऊन उठले, आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. ती त्यांच्या कमरेला घट्ट बसली होती. मावशीने, म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीने, खुर्चीचे पाय धरले, बाईंच्या मुलीने काकांचे हात धरले, आणि दोघींनी उलट्या दिशांना ओढलं. आलेल्या मंडळींनी माना खाली घातल्या. त्या दुःखाने की कशाने, हे विचारायची ती वेळ नव्हती. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, ओढू नका, त्यांचे ते निघतील.

मुलगी हे वाक्य मनात म्हणाली आणि तेवढ्यात काका निघाले.

"डॉक्टर," ते धापा टाकत म्हणाले, "या खुर्च्यांचं माप चुकलंय."

त्याच दिवसांत मुलांचे आईवडील येऊन गेले. सत्र संपायला थोडे आठवडे होते. मध्येच मुलांना दुसरीकडे कुठे घालणार? मावशी म्हणाली, "तू त्यात पडू नकोस बाळ. मी बसवाल्या शाळेशी बोलते. ते मुलंही घेतील आणि या वस्तूही घेतील. पडून राहण्यापेक्षा मुलांच्या कामी येतील." मावशीचं बोलणं नेहमीच असं बिनतोड असे. तिच्याशी वाद घालायचा तर आधी आपणच मूर्ख आहोत हे मान्य करावं लागे.

"वस्तू सत्र संपल्यावर ने," बाईंची मुलगी म्हणाली. "तोवर वर्ग मी घेते. आणि बेसिन बसवते."

"बेसिन?" मावशी म्हणाली. "बंद होणाऱ्या वर्गात?"

बाबा आतल्या खोलीतून पहिल्यांदाच बोलले. "रेघ पुसू नका फक्त."

*

पहिल्या दिवशी वर्गात तिने काय केलं, ते एखाद्या शोधनिबंधात आलं असतं तर तिने स्वतःच तो फेटाळला असता. मोठ्यांनी मध्ये हात घातल्याने मुलांचं काय नुकसान होतं, यावर जिने आपली उमेदीची वर्षं घालवली, तिने मुलं आत येताच एकाचा बूट काढून दिला, दुसऱ्याची बाही सारखी केली, आणि मुंगीच्या सँडलचा पट्टा सोडवून दिला. मुंगीने तिच्याकडे शांतपणे बघितलं, खाली बसली, पट्टा पुन्हा लावला आणि मग स्वतः सोडवला.

प्रयोगशाळेत ती काचेच्या पलीकडे बसत असे. काच किती उपयोगी वस्तू आहे, हे तिला इथे कळलं.

मुलं तिला बाई म्हणाली नाहीत. बाई तिथे नव्हत्या, आणि खोटंखोटं तर त्या खोलीत चालत नव्हतं. "बाईंची मुलगी, माझं झालं," असं ती म्हणत. त्यात तिचा अपमान करायचा हेतू नव्हता, म्हणून तो जास्त झोंबला. लहानपणी तीही याच वर्गात होती. तेव्हा दरवाज्याच्या या बाजूला आईला 'बाई' म्हणायचं असा दंडक होता, कारण वर्गात सगळी मुलं सारखी. वर्ग सुटल्यावर आई म्हणायची परवानगी होती, पण तोवर आई दमलेली असे.

निळ्या जगाचं काम तिला फार आवडायचं. जग दोन हातांनी उचलायचा, पेल्याच्या काठाशी टेकवायचा आणि पाणी एका रेषेत खाली उतरताना बघायचं. पण तिने जग घेतला की कुणीतरी येऊन शेजारी उभं राहायचंच. बाकीच्या मुलांच्या बाबतीत बाई दुसरीकडे बघत. तिच्या बाबतीत बाई तिच्याकडे बघत. नुसतंच, काही न बोलता. मग ती म्हणायची, माझं झालं. बाईंच्या मुलीनेच अडून बसून कसं चालेल? पुढे हीच सवय तिला खेळात, नोकरीत, बढतीत आणि एकदोन माणसांच्या बाबतीतही लागली. फार समजूतदार मुलगी, असं सगळे म्हणत.

असो. आपण बेसिनकडे वळू. प्लंबर येऊन बसलाय.

प्लंबर भला माणूस होता आणि त्याच्या भलेपणानेच घात केला. रेघ दाखवून बाईंची मुलगी कार्यालयात गेली ती परत येईपर्यंत त्याने बेसिन बसवलं होतं, चांगलं मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर. रेघ खाली एकटीच राहिली होती.

"ताई, रेघ चुकून खाली मारली होती तुम्ही," तो म्हणाला. "मी सांभाळून घेतलं."

तिने मुंगीला बोलावलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मुंगीने हात पुढे केले. हात रेघेच्या वर गेले, चांगले बोटभर.

"बघा," प्लंबर म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? रेघच चुकलीय."

"रेघ बरोबर आहे," बाईंची मुलगी म्हणाली. "मुंगी वाढलीय."

 बाई गेल्यानंतरही जगात कुणी वाढलं असेल, हे तिने हिशोबातच धरलं नव्हतं. मग केसात पेन्सिल असेल या भ्रमात तिने हात डोक्याकडे नेला, तिथे पेन्सिल नव्हती. ती पर्समधून काढली आणि जुन्या रेघेच्या वर स्वतःची एक रेघ मारली.

नवीन अडचण अशी की भिंतीतला सांडपाण्याचा पाइप या रेघेच्या वर होता, आणि पाणी वर चढत नाही. या मुद्द्यावर प्लंबर आणि ओळंबाकाका यांचं एकमत झालं, ते शेवटचं. काकांनी कागदावर नकाशा काढला. त्यात उतार दाखवला, उताराचा उतार दाखवला, आणि शेजारी एक बाण काढून 'डॉक्टरांचं घर' असं लिहिलं. निष्कर्ष असा निघाला की भिंत खालपर्यंत फोडायची, थोडी जमीन फोडायची, आणि पाइप न्हाणीघरातल्या जाळीपर्यंत न्यायचा.

बाबा दाराशी येऊन उभे राहिले. "रेघ," ते म्हणाले.

"दोन टोल्यांचं काम आहे काका, रेघेला धक्का नाही लागणार," असं म्हणत प्लंबरने छिन्नी लावली. पहिला टोला बरोबर बसला. दुसऱ्याला प्लॅस्टरचा ताटाएवढा पोपडा सुटून खाली आला, आणि बाईंची रेघ त्याच्याबरोबर आली. जमिनीवर तिचे तुकडे झाले.

 प्लंबरने टोपी काढली. बाबा खाली बसले, तुकडे उलटसुलट करून बघायला लागले आणि ज्यावर पेन्सिलीची खूण होती तेवढे वेचून आत घेऊन गेले.

*

कार्यालयात ती गेली होती परवान्यासाठी. बालवर्ग चालवायचा परवाना बाईंच्या नावावर होता, आणि लवकरच तपासणी व्हायची होती. टेबलामागच्या अधिकारी मॅडमनी तिची प्रमाणपत्रं एकेक करून बघितली. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. त्यांना फक्त कुणी कधी खिडकीशेजारची खुर्ची दिली नव्हती.

"यात बालवर्गाचं शिक्षण कुठे दिसत नाही."

"माझा सगळा प्रबंधच लहान मुलांवर आहे."

"हो, मुलांवर आहे," मॅडम म्हणाल्या. "मुलांना शिकवायचा नाही ना?"

बाईंच्या मुलीने आजवर परिसंवादांत पुष्कळ खोचक प्रश्न झेलले होते. हा त्यांच्यापेक्षा चांगला होता.

"अभ्यासक्रम जोडा," मॅडम पुढे म्हणाल्या. "सकाळी काय, दुपारी काय, उद्दिष्टं काय."

"मुलं ठरवतात काय करायचं ते."

"तेच लिहून आणा. मुलांची सही चालणार नाही."

*

जमीन फोडली, पाइप टाकला, बेसिन नव्या रेघेवर बसलं, नळ सोडला. पाणी सरळ खाली गेलं. इतकं सरळ की ते खालच्या काकूंकडे पोचलं.

खालच्या काकूंनी नुकतंच छताला रंग दिला होता. त्या वर आल्या त्या डोक्यावर टॉवेल घेऊनच. "अगं, तुझ्या आईसाठी मी रडले," त्या म्हणाल्या, "पण माझं छत का रडतंय?"

प्लंबरने जोड पुन्हा घट्ट केला. ठिबकणं कमी झालं, थांबलं नाही. काकूंनी खाली बादली लावली आणि बादलीची खबर द्यायला त्या रोज वर येऊ लागल्या. आल्यावर बुटक्या खुर्चीवर बसून त्या वर्गाकडे बघत आणि सल्ला देत.

"तू यांना अक्षरं शिकव. आमचा नातू बसवाल्या शाळेत जातो. शंभरपर्यंत लिहितो."

"आणि मोजतो किती?"

"मोजायचं कशाला? लिहितो ना!"

तिने लहान मुलांची अंकांची जाण कशी घडते ते समजावून सांगितलं. आकडा लिहिता येणं वेगळं आणि पाच म्हणजे हातातली पाच बोटं हे उमगणं वेगळं. काकूंनी सगळं ऐकलं. "तुझी आई एवढं बोलत नसे," त्या म्हणाल्या. "ती म्हणायची, काकू, बसा. मी बसायचे." त्यांनी पदर सावरला. "मला वाटतं, त्यासाठीच मी यायचे. बादली काय, भरली की ओतते."

आणि त्या दिवशी त्या बराच वेळ बसून राहिल्या.

*

तपासणीच्या दिवशी अधिकारी मॅडम आल्या, पण आधी त्यांना जिन्यात खालच्या काकूंनी गाठलं. छत दाखवलं, बादली दाखवली, पोपडे कसे निघतात ते भिंतीला हात लावून बघायला लावलं. त्यामुळे मॅडम वर आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात चुन्याने पांढरे झाले होते. बोटं पसरून, पर्स कोपरात अडकवून त्या दारात उभ्या राहिल्या.

"हात धुवायला कुठे?"

बेसिनपाशी मुंगी होती.

तिने नुकताच साबण घेतला होता. आता ती करंगळी धूत होती. करंगळीनंतर पुढचं बोट. प्रत्येक बोट धुऊन झालं की ती ते उजेडात धरून तपासायची. मॅडम जाऊन शेजारी उभ्या राहिल्या. थोडा वेळ गेला.

"झालं का, बाळ?"

सगळा वर्ग थांबला. कुणाचा ठोकळा हवेत राहिला, कुणाचा घास. चष्मा लावणारी एक मुलगी उठून मॅडमजवळ आली आणि हळूच, मोठ्या माणसाची चूक चारचौघांत दाखवताना दाखवावी तेवढ्या सभ्यतेने म्हणाली, "असं विचारायचं नसतं. नुसतं उभं राहायचं."

मॅडमनी बाईंच्या मुलीकडे बघितलं. बाईंच्या मुलीला तोंड उघडायची फार इच्छा झाली. परवाना, वर्ग, बेसिन, सगळं त्या पांढऱ्या हातांमध्ये होतं. मुंगीला उचलून बाजूला केलं की संपलं, एवढंच काम. प्रयोगशाळेत हे तिने असंख्य वेळा पाहिलं होतं. मोठं माणूस किती वेळ थांबू शकतं, हाच खरा प्रयोग असतो, मूल निमित्त. मॅडमचा एक हात पुढे झाला, मागे गेला. पुन्हा पुढे झाला. बाईंची मुलगी आपले हात पाठीमागे धरून उभी राहिली. एका हाताने दुसऱ्याला पकडून ठेवलं होतं.

मुंगीने नळ बंद केला. नीट बंद झाला का बघायला पुन्हा उघडला. बंद केला. हात पुसले, बोटाबोटांमध्ये पुसले, टॉवेल खुंटीला लावला, एक टोक वर गेलं होतं ते सारखं केलं.

"माझं झालं," ती मॅडमना म्हणाली.

"बरं," मॅडम म्हणाल्या.  मग त्या कमरेत पार वाकल्या, पर्स गळ्यात आली, आणि त्यांनी हात धुतले. सरळ व्हायला त्यांना वेळ लागला. कुणीही मदत केली नाही.

निघताना त्या दारात थांबल्या. "बेसिन नियमातल्या उंचीपेक्षा खाली आहे. मला तसं लिहावं लागेल."

"लिहा."

"आणि परवाना त्यांच्या नावावर होता. तो त्यांच्याबरोबर संपला. नवा द्यायचा तर तुमच्याकडे ते शिक्षण नाही." त्यांनी कोरड्या झालेल्या हातांकडे बघितलं. "सत्र संपेपर्यंत मी पुन्हा इकडे फिरकणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

म्हणजे ती नापास झाली. आपल्याच विषयात, आपल्याच घरात, आईच्या खोलीत. रात्री जेवताना बाबांना तिने हे सांगितलं. बाबा म्हणाले, "मुंगीने धुतले ना हात?" आणि तिला भात वाढला.

*

सत्र संपलं. शेवटच्या दिवशी मुलांनी आपापल्या वस्तू जागेवर ठेवल्या आणि बूट घालून निघून गेली. मुंगीला पट्टा लावायला वेळ लागला, म्हणून ती शेवटी गेली. जिन्यात वळताना तिने विचारलं, "उद्या दार उघडं असेल?" बाईंच्या मुलीने उत्तर दिलं नाही. त्या खोलीत खोटं चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी टेम्पो घेऊन आली. बसवाल्या शाळेने वस्तूंसाठी काचेचं मोठं कपाट केलंय असं तिने कौतुकाने सांगितलं. कुलूपही आहे म्हणाली, म्हणजे काही फुटायला नको. कामाला दोन माणसं होती. खुर्च्या गेल्या, टेबलं गेली. ओळंबाकाका जिन्यात उभे राहून कपाट कसं तिरकं न्यायचं ते सांगत होते, त्यामुळे ते बराच वेळ जिन्यातच अडकलं होतं. खालच्या काकू आपल्या दारात उभ्या होत्या आणि आज बादलीबद्दल काहीच बोलत नव्हत्या.

खोलीत एक खुर्ची उरली होती, एक टेबल, दोन पेले, आणि पुसून न्यायचा राहिलेला निळा जग.

बाईंची मुलगी जग धुवायला बेसिनपाशी गेली. वाकली. नळ सोडला, जग भरला. भरल्यावर तो तिने पुसला नाही. टेबलाशी आणला, खुर्चीवर बसली. गुडघे हनुवटीशी आले. समोर दोन पेले मांडले. जग दोन्ही हातांनी उचलला, काठाशी टेकवला. पाणी एका रेषेत उतरायला लागलं. पेला भरला. दुसरा भरला. ते पाणी तिने परत जगात ओतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मावशी आत आली. टेम्पोवाल्याला पुढे जायचं होतं, ऊन वाढत होतं, आणि मावशीचं काही चुकतही नव्हतं. ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली. तिने जगाकडे बघितलं, मग हिच्याकडे. नुसतंच बघितलं. तिची नजर थेट बहिणीसारखी होती, हे इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं.

आतल्या खोलीच्या दारात बाबा आले होते.

"अगं, थांबलेत सगळे," मावशी म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "झालं का तुझं?"

पाणी पेल्याच्या काठापर्यंत आलं होतं. बाईंच्या मुलीने जग सरळ केला, पण खाली ठेवला नाही. शब्द तोंडात तयारच होते, चाळीस वर्षांच्या सवयीचे. ते तिने गिळले. मग तिने मान वर केली. मावशीकडे नाही, मावशीच्या मागे, जिथे बाई उभ्या राहत, तिथे बघून ती मोठ्याने म्हणाली,

"नाही, आई. माझं झालं नाही अजून."